कंपनीच्या खर्चानं ट्रक शिकायचाय? आधी बाँड वाचा
शिरोलीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत फी न भरता हेवी शिकलो. शिकवणं एक नंबर! उस्तादांनी स्टेअरिंगच्या आधी गाडीखाली घातलं: ब्रेकच्या हवेच्या टाक्यांतलं पाणी सोडायचं, प्रेशर भरल्याशिवाय गाडी हलवायची नाही. आंबा घाटात उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाकायला लावायचे. नुसत्या ब्रेकवर उतरलं की ब्रेकचे लायनर तापतात, मग पाय कितीही दाबा, गाडी थांबत नाही.

बाँडचं मात्र पटलं नाही. दोन वर्षं नोकरी, मध्येच सोडली तर खर्च परत, आणि कागद हातात देतात तो सहीच्याच दिवशी. घरी नेऊन वाचतो म्हणून ठणकावून सांगा.

वय 20 पूर्ण आणि कारचं लायसन्स वर्षभर जुनं पाहिजे, त्याशिवाय हेवीचं शिकाऊ लायसन्स निघत नाही. धाकट्या भावाचं नाव यंदा घातलंय.