किचनवाल्याशी भांडण आणि वकील: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

आधी रेटिंगच देऊन टाकतो. वकील न लावता ग्राहक आयोगात जाणं, 5 पैकी साडेतीन. वकिलाला अर्ध्या तासाचे पैसे देऊन फक्त कागद दाखवणं, 5 पैकी 5. पूर्ण केस वकिलाकडे देणं मी केलं नाही, मेव्हण्याने केलं, त्याचं पुढे येतंच.

ऑक्टोबर 2023 ला मॉड्युलर किचन करून घेतलं, 2 लाख 80 हजार, पैसे सगळे पोचते केलेले. पहिल्याच पावसाळ्यात सिंकखालचं कपाट फुगलं, म्हणजे कडेला बोट लावलं की ओला भुसा हातात यायचा. शटर काढलं तर आतल्या बाजूला प्लायवर शिक्का, आयएस 303, म्हणजे साधा प्लाय. पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायला आयएस 710 असतो, हे तेव्हा कळलं. आता कोटेशनमध्ये नुसतं "प्लाय 18 एमएम" एवढंच, ग्रेड कुठेच नाही, पण बायकोच्या व्हॉट्सॲपवर किचनवाल्याचा मेसेज होता, "ताई निश्चिंत रहा सगळं मरीनच टाकतोय". पुढची सगळी केस या एका ओळीवर उभी राहिली.

फोन केला की "दिवाळीनंतर बघू". या दिवाळीनंतरच्या नादात राहू नका, तक्रार करायला 2 वर्षं असतात आणि नुसत्या गोड बोलण्याने ती मुदत वाढत नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत तिथून पटकन काम होतं असं बऱ्याच जणांचं ऐकलंय, पण गल्लीतल्या कॉन्ट्रॅक्टरला फरक पडला नाही. फोन फुकट असतो, करून बघायला हरकत नाही.

मग वकिलांकडे चौकशी. एकांनी पूर्ण केसचे 25 हजार अधिक दर तारखेला 1500 सांगितले. मी हिशोब केला, दुरुस्तीचा खर्च सव्वा लाख, त्यातले 35-40 हजार इथेच जाणार. सासऱ्यांच्या ओळखीचे दुसरे वकील होते, ते म्हणाले ओळख असली तरी फुकट सल्ला देत नाही, 1500 घेईन आणि कागद सगळे बघेन. हेच 1500 रुपये सगळ्यात वसूल झाले.

त्यांनी दोन गोष्टी पकडल्या ज्या मला सात जन्मात दिसल्या नसत्या. एक, कोटेशनवर शोरूमचं नाव आणि जीएसटी बिलावर भलत्याच माणसाचं नाव, म्हणजे मी तक्रार नुसत्या पाटीवरच्या नावाने करणार होतो, उद्या जिंकलो असतो तरी वसुली कोणाकडून करायची. त्यांनी "तर्फे प्रोप्रायटर" (म्हणजे मालक) करून दोघांनाही सामनेवाला, म्हणजे विरुद्ध पक्ष, करायला लावलं. दुसरं, नुसते स्क्रीनशॉट जोडू नका, भारतीय साक्ष्य अधिनियमातल्या (पुराव्याच्या कायद्यातल्या) कलम 63 चं, म्हणजे फोनमधल्या मेसेजसारखा डिजिटल पुरावा खरा असल्याचं, प्रमाणपत्र लागेल, आणि फोन बायकोचा आहे तर ते तिच्याकडून, तुमच्याकडून नाही. आयोग कोर्टाइतका कडक नसतो पण समोरचा वकील यावरच हरकत घेतो, आणि खरंच घेतली. नोटीसही त्यांच्याच लेटरहेडवर पाठवली, त्याचे 3000 वेगळे.

दाखल मीच केलं, ऑनलाइन. तेव्हा त्यासाठी ई-दाखिल पोर्टल होतं, 1 जानेवारी 2025 पासून त्याजागी ई-जागृती आलंय. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, शोरूम कुठेही असो. माझ्या दोन रात्री गेल्या त्या वाकड्या स्कॅनमुळे, त्यात आयोगाचा काही दोष नाही.

समोरचा मात्र वकील घेऊन आला. त्यांना उत्तराला 30 दिवस, फार तर अजून 15, त्यांनी 41 व्या दिवशी लेखी जबाब दिला, त्यात मी ग्राहकच नाही इथपासून गळती आमच्या प्लंबरमुळे झाली इथपर्यंत सगळं. वाचून त्या रात्री झोप लागली नाही खरं सांगतो. पण सुनावणीला आयोगाच्या मॅडमनी मला एकच विचारलं, मरीन ठरलं होतं ते कुठे लिहिलंय. मी पिवळा टॅग लावून ठेवला होता, पान 14, लगेच दाखवलं. पान नंबर आणि इंडेक्स एवढं नीट केलं तर साध्या केसमध्ये माणूस स्वतः उभा राहू शकतो. कायद्यात 3 महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे, तेवढ्यात होईल या भरवशावर राहू नका. मला सहा तारखा लागल्या, दोन व्हीसीवर (व्हिडिओ कॉलवर), बाकी चार वेळा हाफ डे. साडेतीनच स्टार दिले ते यामुळे.

मेव्हण्याचं वेगळं. त्याचं घरमालकाकडे 60 हजार डिपॉझिट अडकलं, तो वाद ग्राहक आयोगात सहसा बसत नाही, दिवाणी कोर्टाचं काम, तिथे वकिलाशिवाय निभाव लागणं अवघड. त्याने लावला, बरोबरच केलं. दुकानासाठी किंवा धंद्यासाठी घेतलेल्या मशीनचं भांडण असेल तरी आधी विचारून घ्या, व्यापारी वापर म्हणून तक्रार उडू शकते. आणि गंमत म्हणजे वकिलाने घोळ केला तर त्याच्यावर ग्राहक आयोगात जाता येत नाही, सुप्रीम कोर्टाने मे 2024 मध्ये सांगून टाकलंय. फी काय आणि त्यात काय काय येतं हे व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्या.

शेवटी जून 2025 मध्ये युक्तिवादाच्या आधी समोरच्यानेच तडजोड काढली, 60 पासून सुरू होऊन 95 हजारांवर आला. मी परत त्या 1500 वाल्यांकडे गेलो, परत 1500. ते म्हणाले पुरसिसमध्ये (आयोगात द्यायच्या तडजोडीच्या लेखी निवेदनात) रक्कम आणि तारीख लिहा, डीडी हातात पडल्याशिवाय तक्रार मागे घ्यायची नाही, पुढच्या तारखेचा चेक तर अजिबात नाही. तसंच केलं.

निकाल लागला असता तर मानसिक त्रासाचे वगैरे धरून जास्त मिळाले असते का, असतीलही. बायकोचं अजून तेच म्हणणं आहे. सिंकखाली या वेळी प्लाय घातलाच नाही, ॲल्युमिनियम केलंय, दार लावताना जरा टणटण वाजतं.