ऑइल प्रेशरचा बझर खोटा वाटतोय? स्विच बदलावा, वायर तपासावी की गेज लावावं?

बोटीच्या मागे बसवलेल्या आउटबोर्ड इंजिनाचा आवाज नेहमीसारखा आहे, थंडावण्याच्या पाण्याची धार जोरात पडते आहे, डिपस्टिकवर ऑइल दोन खुणांच्या मध्ये आहे, आणि तरी बझर थांबत नाही. अशा वेळी ‘सेन्सर गेला असेल’ हे वाक्य पटकन तोंडात येतं. पुष्कळदा ते खरंही निघतं. पण आउटबोर्डच्या बाबतीत हा अंदाज चुकला तर बेअरिंग आणि क्रँकशाफ्ट काही मिनिटांत निकामी होतात. म्हणून तुमच्यासमोरचे तीन मार्ग शेजारी शेजारी ठेवून बघू.

त्याआधी एक खात्री करा. हे सगळं फोर-स्ट्रोक इंजिनांबद्दल आहे. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबर जळून जातं. तिथला ऑइलचा बझर टाकीतली पातळी किंवा पुरवठा कमी झाल्याचं सांगतो. शिवाय अनेक इंजिनांत तापमान वाढलं तरी हाच बझर वाजतो, आणि काहींमध्ये ऑइल बदलायचे तास भरले तरीही. कोणता दिवा लागलाय, आवाज सलग आहे की तुटक, हे मॅन्युअलशी ताडून पाहिल्याशिवाय पाना हातात घेऊ नका.

ऑइलच्या दाबाचा स्विच सरळ बदलणं हा पहिला मार्ग सगळ्यांना आवडतो. काम थोड्या वेळाचं, भाग लहान. बझर गप्प झाला तर प्रश्न मिटला असं वाटतं, पण माझा आक्षेप इथेच आहे. स्विचच्या आत पडदा आणि स्प्रिंग असते आणि तो ठरावीक दाबाला उघडतो. जुना स्विच जरा जास्त दाबाला उघडत होता आणि नवा जरा कमी दाबाला उघडतो, एवढ्यानेही बझर बंद होऊ शकतो. दाब मात्र होता तिथेच राहतो, सीमारेषेवर. भाग बदलल्याने फक्त बझर थांबला एवढं कळतं. इंजिनात दाब किती आहे ते कळत नाही.

वायर तपासणं जवळजवळ फुकट आहे, म्हणून ते कधीही आधी करून घ्यावं. एकाच वायरच्या साध्या स्विचमध्ये सहसा अशी रचना असते: दाब नसताना स्विच बंद, म्हणजे वायर इंजिनाच्या ब्लॉकला ‘अर्थ’ (अर्थिंग) होते आणि इशारा मिळतो, दाब आला की स्विच उघडतो. त्यामुळे ही वायर कुठेही कव्हरखाली घासून तिचं तांबं ब्लॉकला टेकलं, तर दाब उत्तम असूनही बझर वाजणार. बोट किनाऱ्याला बांधलेली असताना, इंजिनाला थंडावण्याचं पाणी मिळत असताना, स्विचवरची वायर क्षणभर काढा. तरीही बझर वाजत राहिला तर दोष वायरमध्ये आहे. थांबला तर मात्र लगेच सुटकेचा निःश्वास टाकू नका, कारण स्विच खराब असला काय किंवा दाब खरंच कमी असला काय, दोन्हींत हाच निकाल येतो. अशा वेळी इंजिन बंद करून पुढच्या मार्गाला लागा.

तीन वायरींच्या सेन्सरला ही युक्ती लागू नाही. त्याला साधारण 5 व्होल्टचा पुरवठा, एक अर्थ आणि एक सिग्नल असतो. प्लग काढला की कंट्रोल युनिट स्वतंत्र दोष नोंदवतं, कधी इंजिनाचा वेगही उतरवतं. तिथे मल्टिमीटरने पुरवठा आणि अर्थ तपासा. खाऱ्या हवेत प्लगच्या पिना हिरव्या पडतात आणि खराब अर्थमुळे सिग्नल चुकतो. लाटांत हादरे बसले की वाजणारा आणि शांत पाण्यात गप्प राहणारा बझर मला आधी वायरिंगचाच वाटतो. पण ऑइल कमी असेल तर बोट कलल्यावर पंपाचं तोंड उघडं पडूनही तसंच होतं, हे ध्यानात असू द्या.

डायग्नोस्टिक रीडरवर (कंट्रोल युनिटला जोडून दोष वाचायच्या उपकरणावर) दिसणाऱ्या दाबाच्या आकड्यावर अनेकांचा भरवसा असतो. जुने दोष कधी नोंदले गेले ते पाहायला रीडर फार उपयोगी आहे. पण तो आकडा ज्या सेन्सरवर संशय आहे त्याच सेन्सरकडून येतो.

म्हणूनच तिसरा मार्ग, यांत्रिक गेज, म्हणजे दाब थेट दाखवणारं काट्याचं मीटर. स्विच काढून त्या भोकात गेजची नळी बसवायची, इंजिन पूर्ण गरम करायचं, आणि आयडलला (रेस न देता) व मॅन्युअलने सांगितलेल्या वेगाला आकडे वाचायचे. (1 बार म्हणजे सुमारे 14.5 पीएसआय, मॅन्युअल एका एककात आणि गेज दुसऱ्यात असलं की घोटाळे होतात.) बझर फक्त इंजिन गरम होऊन आयडलला आलं की वाजत असेल, तर गेजशिवाय निवाडाच नाही. गरम ऑइल पातळ होतं आणि आयडलला पंप हळू फिरतो, म्हणून त्या क्षणी दाब सर्वांत कमी असतो. थकलेला स्विच तिथेच चुकतो आणि झिजलेलं बेअरिंगही तिथेच उघडं पडतं. डिपस्टिकवरची पातळी आपोआप वाढली असेल आणि ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. फार वेळ आयडलला आणि थंड पाण्यात चालणाऱ्या इंजिनांत हे घडतं. पातळी मात्र इंजिन उभं, बोट सपाट आणि इंजिन बंद करून काही मिनिटं गेल्यावरच बघा. जास्त भरलेलं ऑइल घुसळून फेसाळतं, आणि फेसाने दाब खरोखरच पडतो.

गेजच्या मार्गातली खरी अडचण आट्यांची. 1/8 इंचाचे दोन प्रकार भेटतात: एनपीटीला (अमेरिकन टेपर) इंचाला 27 आटे, ब्रिटिश टेपरला 28. दोन फेरे सहज बसतात, मग अडतं. जोर लावला तर ब्लॉकचे आटे कायमचे जातात. अडॅप्टर नक्की जुळणारा मिळत नसेल, तर हे काम मेकॅनिककडे देणंच शहाणपणाचं.

मी निवड अशी करेन. वायर काढूनही बझर वाजला तर वायर दुरुस्त करायची. थांबला तर गेज, नवा स्विच नव्हे. गेजवर दाब मॅन्युअलप्रमाणे भरला, तरच स्विच किंवा सेन्सर बदलायचा. कमी भरला तर इंजिन पुन्हा सुरू करायचं नाही. ऑइलची प्रत, फिल्टर, पिकअपची (पंपाच्या ऑइल ओढणाऱ्या तोंडाची) जाळी, रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) आणि पंप यांचा क्रमाने शोध घ्यायचा. वायर काढून ठेवून समुद्रात जाणं हा चौथा मार्ग काहीजण धरतात. तो मी कुणालाच सुचवणार नाही.

नवा एकवायरी स्विच बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थर चढवू नका. तो आट्यांतूनच अर्थ घेतो. टेपने अर्थ तुटला तर दाब शून्यावर आला तरी बझर वाजणार नाही. म्हणून स्विच बसल्यावर मल्टिमीटरने त्याचं टोक आणि ब्लॉक तपासा: इंजिन बंद असताना जोड दिसला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर तो तुटला पाहिजे.