साओ पाउलो की सांतियागो: दोन शेअर बाजारांतील निवड

दक्षिण अमेरिकेत नोकरीनिमित्त काही वर्षे राहायचे असेल आणि बचतीचा एक भाग तिथल्याच समभागांत गुंतवायचा असेल, तर माझ्या मते विचार करण्याजोगे दोन बाजार आहेत: ब्राझीलचा, साओ पाउलो येथील बी-३ आणि चिलीचा सांतियागो शेअर बाजार. मी आधी साओ पाउलोमध्ये आणि नंतर सांतियागोमध्ये राहिलो आणि दोन्हीकडे स्वतःच्या नावावर समभाग घेतले. त्यामुळे पुढील मते एका सामान्य पगारदार गुंतवणूकदाराची आहेत. मोठी रक्कम हाताळणाऱ्याचा अनुभव वेगळा असू शकेल.

केवळ बाजार म्हणून पाहिले तर साओ पाउलोचे पारडे जड आहे. २०१७ मध्ये बीएमअँडएफ-बोवेस्पा आणि सेतिप यांच्या विलीनीकरणातून बी-३ उभा राहिला. तिथे पेत्रोब्रास (तेल), वाले (लोहखनिज) आणि इताऊ (बँक) आहेतच, पण यंत्रांसाठी विजेच्या मोटर बनवणाऱ्या ‘वेग’ (WEG) सारख्या अस्सल कारखानदार कंपन्याही आहेत. २००० साली सुरू झालेल्या ‘नोवो मेर्कादो’ या गटातील कंपन्यांना फक्त मताधिकार असलेले समभागच ठेवता येतात, आणि कंपनीचे नियंत्रण विकले गेल्यास लहान भागधारकालाही मोठ्या मालकाइतकाच भाव द्यावा लागतो. समभागांची नोंद मध्यवर्ती भांडारात थेट तुमच्या सेपेएफ या वैयक्तिक करदाता क्रमांकावर होते, त्यामुळे डिमॅटची सवय असलेल्या माणसाला तिथे लगेच आश्वस्त वाटते. अनेक दलाल पेढ्या समभागांच्या सौद्यांवर दलालीही घेत नाहीत.

सांतियागोचा बाजार १८९३ पासूनचा आहे आणि २०२३ मध्ये तो लिमा व बोगोता येथील बाजारांसह नुआम या एका समूहाखाली आला. तरीही तो लहानच आहे. तांब्याच्या ओढीने तिथे जाणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कोदेल्को ही तांब्याची सरकारी कंपनी बाजारात नाही आणि अंतोफागास्ता या खाणकंपनीचे समभाग लंडनमध्ये आहेत. प्रत्यक्षात वाट्याला येतात त्या बँका, फालाबेया आणि सेन्कोसूदसारखी दुकानसाखळी, कोपेक आणि सेएमपेसे यांचा वनोद्योग, आणि लिथियमसाठी एसक्यूएम. बरेचसे समभाग मोजक्या घराण्यांकडे आणि एएफपी या निवृत्तिवेतन निधींकडे असल्याने रोजची उलाढाल पातळ राहते. २०२० आणि २०२१ मध्ये लोकांना आपल्या निवृत्तिनिधीतून तीनदा प्रत्येकी १० टक्क्यांपर्यंत रक्कम काढू दिली गेली, त्याने या निधींची ताकद आणखी घटली. मध्यम आकाराच्या कंपनीची माझी मागणी दिवसभर तशीच पडून राहिल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. दलालीवर १९ टक्के मूल्यवर्धित कर लागतो तो वेगळाच.

इतके असूनही माझा कल सांतियागोकडे झुकला, आणि त्याचे कारण साओ पाउलोतील कराचा मासिक हिशेब हे आहे. ब्राझीलमध्ये समभाग विकून झालेल्या नफ्यावरील कर दलाल पेढी कापून घेत नाही. ती केवळ नाममात्र रक्कम कापते, आणि तीसुद्धा कर खात्याला सौद्याची खबर लागावी म्हणून. प्रत्यक्ष कर, म्हणजे साधारण सौद्यांवर १५ टक्के आणि एकाच दिवसातील खरेदी-विक्रीवर २० टक्के, तुम्हीच काढायचा आणि पुढच्या महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत ‘दार्फ’ हे चलन भरून जमा करायचा. महिन्यात २०,००० रेआलपर्यंतची समभागविक्री करमुक्त आहे, पण ती सवलत निर्देशांक फंडांना लागू नाही. सरासरी खरेदीभाव, बोनस, कंपन्यांची फाळणी, जुन्या तोट्याची वजावट हे सगळे आपणच सांभाळायचे असते. माझी दलाल पेढी दुसऱ्या पेढीत विलीन झाल्यावर जुन्या खरेदीची टिपणे मिळवण्यासाठी जो पत्रव्यवहार करावा लागला, त्याने माझी उमेद बरीच खचली. हिशेबासाठी आता साधने मिळतात हे खरे; जबाबदारी मात्र तुमचीच राहते, आणि उशीर झाल्यास दंड दिवसागणिक वाढतो.

चिलीत नियमित सौदे होणाऱ्या समभागांवरील नफा सप्टेंबर २०२२ पर्यंत करमुक्त होता. आता त्यावर सरसकट १० टक्के कर आहे. तो वर्षातून एकदाच, एप्रिलमधील विवरणपत्रात येतो. दलाल पेढ्या सौद्यांची माहिती कर खात्याला कळवतात आणि खाते बहुतेक आकडे भरूनच विवरणपत्राचा मसुदा समोर ठेवते. आकडे तपासावे लागतात, पण तेवढेच.

मला वाटते, हा फरक दोन देशांच्या उद्योगव्यवहाराचाच आहे. जागतिक बँकेच्या उद्योगसुलभतेवरील (‘डुइंग बिझनेस’) २०२० च्या अहवालाने ब्राझीलमधील मध्यम कंपनीला कर भरण्याच्या कामासाठी वर्षाला सुमारे १,५०० तास लागतात असे म्हटले होते. तो अहवाल पुढे आकड्यांतील गैरप्रकारांमुळे बंद झाला आणि चिलीच्या क्रमवारीवरही वाद झाला, म्हणून क्रमांकांवर मी विसंबत नाही. पण साओ पाउलोतल्या कुठल्याही हिशेबनीसाशी बोलल्यास त्या तासांचे आश्चर्य वाटत नाही. २०२३ च्या घटनादुरुस्तीने अप्रत्यक्ष करांची पुनर्रचना सुरू केली आहे, परंतु तिचे संक्रमण २०३३ पर्यंत चालणार आहे. चिलीत छोटी कंपनी एका दिवसात ऑनलाइन नोंदवता येते; तिथली अडचण खाणी आणि मोठ्या प्रकल्पांच्या परवान्यांना लागणाऱ्या वर्षांची आहे.

राजकीय धक्के दोन्हीकडे बसतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये पेत्रोब्रासचा प्रमुख बदलण्याची घोषणा झाली तेव्हा समभाग एका दिवसात २० टक्क्यांहून अधिक पडला. एप्रिल २०२३ मध्ये चिलीने लिथियमचे राष्ट्रीय धोरण जाहीर केल्यावर एसक्यूएमचीही मोठी घसरण झाली. लाभांशाच्या बाबतीत चिलीचा कायदा मला अधिक भावतो: सार्वजनिक कंपनीला नफ्याच्या किमान ३० टक्के वाटप करावेच लागते, आणि ते टाळण्यासाठी सर्व भागधारकांची संमती लागते. शिवाय ब्राझीलचा मूळ व्याजदर जून २०२५ मध्ये १५ टक्क्यांवर गेला. सरकारी रोखे इतके देत असताना तिथे समभागांची दगदग कशासाठी घ्यावी, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच.

वारंवार सौदे करणाऱ्याने किंवा अनेक उद्योगांत पैसा विभागू पाहणाऱ्याने साओ पाउलो निवडावे. तिथल्या उलाढालीला सांतियागोकडे उत्तर नाही. पण चार-पाच कंपन्या घेऊन वर्षानुवर्षे शांतपणे ठेवायच्या असतील, तर मी सांतियागोच सुचवेन. पुढे भारतात परतायचे असेल तर आणखी एक विचार करावा. ब्राझील कायमचा सोडताना तशी नोंद करावी लागते आणि निवासी म्हणून उघडलेले खाते त्यानंतर तसेच चालवता येत नाही. अनिवासी असताना घेतलेले परदेशी समभाग परतल्यावरही ठेवता येतात. मात्र सामान्य निवासी झाल्यावर भारतीय विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात त्यांची खरेदीची तारीख आणि मूल्य द्यावे लागते, तेव्हा खरेदीची टिपणे पहिल्या दिवसापासून स्वतःकडे जपून ठेवावीत.