कॅनव्हासचं शूटिंग जॅकेट: दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत

नेमबाजीतल्या १० मीटर एअर रायफलसाठी हे जॅकेट दिवाळीत घेतलं. गड्ड्याच्या जत्रेतल्या जानेवारीच्या थंडीत वापरलं, आता सोलापूरच्या मे महिन्यातही वापरतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्या चादरींच्या गावात हात आधी कापडाच्या विणीवर जातो. वीण घट्ट आहे, शिलाई सरळ आहे, तक्रार नाही.

खरा फायदा कमरेला. रायफलचं वजन साडेपाच किलोपर्यंत भरतं. उभ्यानं ती धरताना आपण किंचित मागं रेलतो आणि सगळा भार कमरेच्या मणक्यांवर येतो. तिथं हे जॅकेट धरून ठेवतं. सुरुवातीच्या शॉटमध्ये फरक जाणवत नाही. ६० शॉटच्या मॅचमध्ये शेवटच्या दोन सिरीजना (दहा शॉटची एक) जाणवतो. पाठ थकली की माझा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका, आडवा पसरायचा, तो आता बराच आवळलाय. टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, त्यामुळं कमरेतला बारीक डोलही गुणांत उतरतो.

होल्ड, म्हणजे रायफलचा स्थिरपणा, मात्र जॅकेट देत नाही, तो पोझिशनमधूनच येतो. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकलेलं, खांदा सैल. डोळे मिटून दोन श्वास घ्यायचे. उघडल्यावर साइट (नेम धरायची कडी) टार्गेटच्या बाजूला गेलेली दिसली तर हातानं ओढून आणायची नाही, पाऊल सरकवायचं. नव्या जॅकेटमध्ये तोल बदलतो, म्हणून पावलांची जागा नव्यानं शोधावी लागली. त्यासाठी रोज रात्री रायफल रिकामी असल्याची खात्री करून, भिंतीसमोर जॅकेट घालूनच ड्राय प्रॅक्टिस केली. ट्रिगर सुटल्यावरही नजर साइटवरच ठेवायची. शॉट कुठं गेला असता ते तिथंच कळतं.

उन्हाळा ही मोठी अडचण. घामानं आणि कूलरच्या दमट हवेनं कॅनव्हास मऊ पडतो, आधार कमी होतो. आता सराव सकाळीच करतो, दोन सिरीजच्या मध्ये बटणं सोडतो, घरी आल्यावर रुंद हँगरवर सावलीत टांगतो. घडी घालायची नाही. खांद्यावरचा रबरी तुकडा एप्रिलमध्ये सुटला. बनवणाऱ्यांनी फोन उचलला नाही, शेवटी चांभाराकडून शिवून घेतला.

२०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेनं रायफल नेमबाजीत कांस्य मिळवल्यापासून ओळखीची पोरं विचारतात, जॅकेट कुठलं घेऊ? आधी काही महिने क्लबचं जुनं वापरा. घ्यायचं ठरलं तर आत घालायचा स्वेटशर्ट अंगात ठेवून मापं द्या. घट्ट बसलं म्हणजे चांगलं, हे कुणाचं ऐकू नका. नियमानं जॅकेटच्या पुढच्या दोन्ही बाजू बटणांच्या जागेपुढं आणखी किमान ७० मिलिमीटर एकावर एक येतील इतकं सैल लागतं, नाहीतर तपासणीतच अडकाल.