शिकाऊ पोराला जुनी गाडी: स्प्लेंडर, एचएफ डीलक्स, प्लॅटिना की शाईन?

बारावी झाली, कॉलेज जळगावला नाहीतर धुळ्याला लागलं, संध्याकाळची एसटी दोनदा चुकली की घरात विषय निघतोच: पोऱ्याले गाडी लई देऊ, म्हणजे पोराला गाडी घेऊन देऊ. नवी नको, कारण तो आधी पाडणार, मग शिकणार. बजेट २५ ते ४० हजार. पारावर विचारलं तर उत्तर एकच: "स्प्लेंडर घे भो, डोळे मिटून." सल्ला वाईट नाही. पण डोळे मिटून घ्यावी इतकी स्वस्त ती आता राहिलेली नाही.

स्प्लेंडरचं कौतुक आधी करून टाकू. १९९४ पासून ती रस्त्यावर आहे. ९७.२ सीसीचं इंजिन, चार गिअर, वजन ११० किलोच्या आसपास. पडली तर शिकणारा एकटा उचलू शकतो, आणि उभं राहिल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकतात. शहाद्यापासून रावेरपर्यंत कुठल्याही फाट्यावरच्या गॅरेजात तिची क्लच प्लेट, चेनकिट, केबल मिळते आणि मिस्त्रीला ती डोळे बांधून खोलता येते. दोन वर्षांनी विकायला काढली तर गिऱ्हाईक दारात येतं. अडचण इथेच आहे. विकताना मिळणारा तो भाव घेताना आपल्याच खिशातून जातो. मग ३५ हजारांत हाती येते ती बरीच जुनी, दोनतीन मालक झालेली, वरून चकाचक रंगवलेली स्प्लेंडर. टाकीवर अजून 'हिरो होंडा' असेल तर साल नीट बघा. हिरो आणि होंडा या दोन्ही कंपन्या २०१० च्या अखेरीस वेगळ्या झाल्या, म्हणजे अशा गाडीचं १५ वर्षांचं पासिंग (नोंदणी) संपलेलं तरी असतं किंवा संपायला टेकलेलं. पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं, पण त्याची फी, पर्यावरण कर, आरटीओत गाडी दाखवणं आणि त्याआधी ती दाखवण्यालायक करणं हा सगळा खर्च घेणाऱ्याच्या माथी बसतो.

म्हणून माझं मत हिरोच्याच एचएफ डीलक्सच्या बाजूने पडतं. इंजिन तेच ९७.२ सीसी, चालवायला तशीच, मिस्त्रीही तोच. फक्त नावाचे पैसे नाहीत. त्याच सालाची, तेवढीच फिरलेली एचएफ स्प्लेंडरपेक्षा काही हजारांनी खाली मिळते, नाहीतर त्याच पैशांत दोनतीन वर्षं नवी मिळते. शिकणाऱ्याला टाकीवरच्या पट्ट्यांपेक्षा ती दोनतीन वर्षं जास्त कामाची. एक काळजी मात्र घ्या: एचएफमध्ये निव्वळ किकवाल्या गाड्या पुष्कळ आहेत. शिकाऊ माणसाची गाडी चौकात हमखास बंद पडते. मागे ट्रक हॉर्न दाबून उभा, आणि हा न्यूट्रल शोधून किक मारतोय. त्या घाईत पोरं घाबरतात आणि पुढच्या खेपेला क्लच आणखी वेडावाकडा सोडतात. सेल्फवाली घ्या, बॅटरी नवी टाकावी लागली तरी चालेल.

बजाजच्या प्लॅटिनाची गोष्ट वेगळी. १०० सीसीचीच, पण शॉकप मऊ आणि सीट लांब. काळ्या मातीतला, पावसाळ्यात खचलेला शिवाररस्ता किंवा खडी उघडी पडलेला तालुक्याचा रस्ता रोजचा असेल, तर कंबर प्लॅटिनाला दुवा देते. ॲव्हरेजला ती कुणाला हार जात नाही आणि सेकंड हॅण्ड बाजारात स्प्लेंडरपेक्षा बरीच स्वस्त पडते. मग घेत का नाहीत? एक म्हणजे सीट थोडी उंच, बुटक्या पोराला किंवा पोरीला सुरुवातीला पाय टेकवताना धास्ती वाटते. दुसरं, विकताना ती पुन्हा तितकीच स्वस्त जाते. म्हणजे गाडी शिकण्यापुरती घेऊन वर्षा-दीड वर्षात विकायची असेल तर स्प्लेंडरमधले पैसे परत येतात. मोडेपर्यंत वापरायची असेल तर प्लॅटिनात गुंतलेले मुळातच कमी. हा हिशेब आधी घरात बसून करा, मग गाड्या बघायला निघा. बजाजचीच सीटी १०० याच घरातली. तिचं दिसणं साधं आहे, तेवढं पोराच्या गळी उतरवावं लागेल.

शाईन हवी कुणाला? ज्याचा रोजचा रस्ता हायवे आहे त्याला. पारोळा, एरंडोलकडून विद्यापीठात येणारा पोरगा धुळे-जळगाव महामार्गावर ट्रक-ट्रेलरांच्या रांगेत असतो, आणि मागे मित्र बसला की १०० सीसीची गाडी ओव्हरटेक करताना धापा टाकते. शाईन १२५ सीसीची. तिची ताकद या बाकीच्यांपेक्षा दोन-अडीच घोडे (हॉर्सपॉवर) जास्त आणि इंजिन शांत. पुढे डिस्क असलेलं मॉडेल मिळालं तर उत्तम. पण पेट्रोल थोडं जास्त पिते, वजन थोडं जास्त आणि त्याच पैशांत ती जास्त जुनी मिळते. पहिले दोन महिने गावात शिकून मगच हायवे, हे घरात कबूल असेल तर शाईन चांगली. तसं नसेल तर ताकद लवकर हाती येणं शिकणाऱ्याच्या फायद्याचं नाही. २०१९ च्या एप्रिलपासून नव्या १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना सीबीएस सक्तीचं झालं, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. नवशिका पुढचा ब्रेक विसरतोच. चारपैकी कोणतीही घ्या, पण २०१९ नंतरची बजेटात बसत असेल तर तिलाच हात घाला.

टीव्हीएस एक्सएल शेतासाठी सोन्यासारखी, पण तिला गिअर नाहीत, क्लच शिकता येत नाही. पल्सर १५० पोरं मागतील. वजन दीडशे किलोच्या घरात, पहिली गाडी म्हणून नको. आरएक्स १०० चा विषय कुणी काढलाच तर चहा पाजून घरी पाठवा. १९९६ ला बंद झालेली गाडी आज हौसेच्या भावाने विकली जाते, शिकण्यासाठी नव्हे.

गाडी बघायला जाल तेव्हा ती थंड असताना बघा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर इंजिनला हात लावून कळतं, मग तासाभराने परत या. थंड इंजिन पहिल्यांदा चालू होताना टायमिंग चेनचा खुळखुळ ऐकू येतो, आणि रेस दिल्यावर सायलेन्सरमधून निळा धूर आला तर पिस्टन-रिंगचं काम उभं आहे. किलोमीटरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. ब्रेक पॅडलचं आणि फूटरेस्टच्या रबराचं झिजणं जास्त खरं बोलतं. रंग फार नवा असेल तर चेसिसची वेल्डिंग बघा, हँडल सोडून दहा पावलं चालवा, गाडी एका बाजूला ओढते का ते दिसेल. शेतात राबलेल्या गाडीचं इंजिन ठीक असतं, पण चेनकिट आणि चाकाचे बेअरिंग चिखलाने खाल्लेले असतात. ते घासाघिशीला बरं पडतं. क्लच घसरतोय म्हणून गाडी सोडू नका, भाव तेवढा पाडा. मे महिन्यात भुसावळ-जळगावच्या ४५ अंशांत हाफ क्लचवर शिकणारा नवी प्लेटही जाळणारच आहे, ती शिकून झाल्यावर बदला.

लेगगार्ड नसेल तर त्याच दिवशी बसवा. हेल्मेट आयएसआय मार्कचं, आणि तेही गाडीच्या बजेटातच धरा.

आता कागद. पोरगा १८ चा झाल्याशिवाय गिअरची गाडी हाती देऊ नका. अल्पवयीनाने चालवली तर पालकाला २५ हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं, पक्क्यासाठी ३० दिवसांनी अर्ज करता येतो, आणि तोवर मागे शिकवणाऱ्याशिवाय कुणी बसवायचं नाही. गाडीचं आरसी बुक बघताना बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा चढलेला आहे का ते पाहा. असेल तर विकणाऱ्याने ना हरकत दाखला आणून तो उतरवल्याशिवाय पैसे मोकळे करू नका. चेसिस नंबर कागदाशी ताडून बघा, गाडीचा नंबर ऑनलाइन टाकून दंडाची थकलेली चलनं तपासा.

एमएच १८, १९, ३९ (धुळे, जळगाव, नंदुरबार) मधली गाडी सोपी. नंदुरबार, नवापूरकडे गुजरात पासिंगच्या आणि रावेरकडे मध्य प्रदेश पासिंगच्या गाड्या स्वस्तात समोर येतात. त्यांना तिकडच्या आरटीओचा ना हरकत दाखला लागतो, इथे पुन्हा नोंदणी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स लागतो. हे सगळं मोजलं की स्वस्ताई बहुतेक वेळा उरत नाही.

नाव बदलताना फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या समोर बसून घ्या. राज्यातल्या राज्यात विकली तर कायद्याने त्याने १४ दिवसांत आणि आपण ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. "नंतर करून देतो" म्हणणाऱ्याकडे पाचेक हजार अडकवून ठेवा आणि ट्रान्सफर झालेली ऑनलाइन दिसली की द्या.