व्हावा स्व-याचिका, अर्ज आय-३६०: मार खाणाऱ्या नवऱ्यासाठीही आहे, फाईल मात्र बेळगावच्या कागदांवर अडते

अमेरिकेत दिलेल्या मुलीला सासरी छळ होत असेल तर काय करायचं, याची थोडीफार माहिती बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यातल्या घरांना असते. मुलगाच मार खात असेल तर घर गप्प बसतं. ‘पुरुषाला कोण विचारतंय’ असं म्हणून विषय संपतो. आपल्याकडचा २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा फक्त बाईला दाद मागू देतो, म्हणून अमेरिकेतही तसंच असणार असं धरून चालतात. त्यात तिथल्या १९९४ च्या कायद्याच्या नावातच ‘महिलांवरील हिंसाचार’ आहे. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला व्हावा म्हणतात. नाव महिलांचं असलं तरी संरक्षण नवऱ्यालाही तेवढंच आहे. या कायद्याखाली छळ सोसणाऱ्याला जोडीदाराशिवाय स्वतःच ग्रीन कार्डाची वाट धरता येते, तीच स्व-याचिका, आणि तिचा अर्ज म्हणजे आय-३६०. ही सेवा वापरताना पहिला अडथळा हा नावाचाच येतो, आणि त्यापायी कित्येक जण अर्ज उघडूनही बघत नाहीत.

सेवेतली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे बायकोची सही लागत नाही. नेहमीच्या ग्रीन कार्डात अर्ज बायकोच्या हातात असतो आणि ‘तुझा अर्ज मागे घेते, जा बेळगावला’ ही धमकी तिथूनच येते. आय-३६० नवरा स्वतः भरतो. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने तिला कळवायचं नाही, आणि केवळ तिने दिलेल्या माहितीवर याच्याविरुद्ध निर्णय घ्यायचा नाही, असं कायद्यातच आहे. अर्जाला फी नाही. पत्रव्यवहारासाठी वेगळा सुरक्षित पत्ता देता येतो. तो द्यावाच, घरचा पत्ता लिहिला तर खात्याचं पाकीट तिच्याच हातात पडायचं.

छळ म्हणजे नुसती मारहाण नव्हे. पासपोर्ट काढून घेणं, पगार हिसकावणं, घरी फोन करू न देणं, हाकलून देण्याची धमकी सतत देणं, हे सगळं मिळून ‘अतीव क्रूरता’ ठरू शकतं. पोलिसांचा कागद नसला म्हणून अर्ज बाद होत नाही, विश्वासार्ह असा कुठलाही पुरावा विचारात घ्यावा लागतो.

बायको अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असली तरच हे दार उघडतं. ती नोकरीच्या एच-१बी व्हिसावर आणि हा तिच्या जोडीदाराच्या एच-४ व्हिसावर असेल, तर आय-३६० चा उपयोग नाही. तिथे आय-७६५व्ही हा फक्त कामाच्या परवान्याचा अर्ज आहे. पोलिसांत गुन्हा नोंदवून तपासाला मदत केली असेल तर गुन्ह्याच्या बळींसाठीचा यू व्हिसा आहे, पण तो वर्षाला १०,००० जणांनाच मिळतो आणि रांग फार लांब आहे. ज्याच्या हातात दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड आधीच आहे, त्याने आय-३६० च्या मागे लागू नये. त्याच्यासाठी कार्डावरची अट काढण्याचा आय-७५१ आहे, छळाच्या कारणावरून तो एकट्याने भरता येतो. मुलगा कंटाळून परत आला असेल तरी छळ अमेरिकेत झालेला असल्यास इथून आय-३६० पाठवता येतो. ही सोय फार थोड्यांना ठाऊक आहे.

दाखवायच्या गोष्टी पाच: लग्न कायदेशीर होतं, ते संसारासाठीच केलं होतं, दोघं एकत्र राहिले, छळ झाला, आणि अर्जदाराची वर्तणूक चांगली आहे. यातल्या बऱ्याच गोष्टींचे कागद आपल्याकडचे, आणि फाईल बिघडते ती इथेच.

आधी नावाचं बघू. जन्मदाखला कन्नडमध्ये, शाळा सोडल्याचा दाखला मराठीत, पासपोर्ट इंग्रजीत. पासपोर्टवर डी-एन-वाय-ए ने सुरू होणारा ज्ञानेश्वर कन्नड दाखल्यावरून इंग्रजीत नेला की जे-एन-ए ने सुरू होतो, कारण कन्नडमध्ये ‘ज्ञ’ चा उच्चारच वेगळा. लक्ष्मणचंही तसंच, कुठे एक्स तर कुठे के-एस-एच. भाषांतरकाराने आपल्या मनाने एकच स्पेलिंग करून टाकू नये. कागदावर आहे तसंच उतरवावं, आणि ही एकच व्यक्ती आहे असं प्रतिज्ञापत्र सोबत जोडावं. गावाचीही तीच गत. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं, त्याआधीच्या दाखल्यांवर जुनं नाव असतं. निपाणीच्या जुन्या कागदांवर तालुका चिकोडी. दोन ओळींची टीप लिहिली की पुढची शंका मिटते.

भाषांतरावर लोक विनाकारण पैसे उधळतात. अमेरिकेच्या खात्याला पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं सही केलेलं प्रमाणपत्र एवढंच लागतं. भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, आणि मला दोन्ही भाषा येतात, हे त्यात असलं म्हणजे झालं. नोटरीचा शिक्का लागत नाही, अपोस्टिल म्हणजे परदेशासाठीचं सरकारी साक्षांकनही लागत नाही. कोर्टाच्या आवारात कुणी ‘सगळ्यावर शिक्का मारून घ्या, नाहीतर रिजेक्ट होईल’ म्हणालं तर सरळ पुढे जावं. शिक्क्यांचे गोल आणि शेऱ्यांची हस्ताक्षरं मात्र सोडू नयेत, त्यांचंही भाषांतर यायला हवं. दाखल्याच्या मागच्या बाजूला लिहिलेली दुरुस्ती राहून गेली तर ते भाषांतर अपुरं ठरतं.

जन्माची नोंद एका वर्षाच्या आत झाली नसेल, तर पुढे ग्रीन कार्डाच्या टप्प्यावर नुसता उशिरा काढलेला दाखला पुरत नाही. शाळेचा दाखला आणि वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं जोडावीत. नोंदच सापडत नसेल तर निबंधकाकडून नमुना १० मध्ये तसं लिहून घ्यावं.

घरच्यांची प्रतिज्ञापत्रं हा सगळ्यात दुबळा भाग. आई, काका, बहीण आणि मित्र अशा चौघांच्या कागदांत एकच मजकूर आणि फक्त नावं बदललेली, असा गठ्ठा गेला की चारही कागदांची किंमत जाते. ‘सून वाईट होती’ या वाक्याचा काही उपयोग नाही. आईने स्वतः काय पाहिलं, काय ऐकलं, ते मराठीतच, तिच्या बोलीत लिहून घ्यावं आणि मग भाषांतर करावं. ‘व्हिडिओ कॉलवर त्याच्या डाव्या डोळ्याखाली काळं-निळं दिसलं, मागून ती ओरडत होती, त्याने फोन उलटा ठेवला’ हे एक वाक्य पानभर विशेषणांना भारी पडतं.

तारखांचा घोळ इथेच होतो. बेळगावात १४ तारखेला सकाळी सात वाजता आलेला फोन न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात १३ तारखेच्या रात्री साडेनऊचा असतो. हिवाळ्यात हेच अंतर साडेदहा तासांचं होतं. आईच्या कागदावर १४ आणि तिथल्या पोलिसांच्या कागदावर १३, म्हणजे एकजण खोटं बोलतंय असं वाटतं. ‘भारतीय वेळेनुसार’ हे दोन शब्द प्रत्येक तारखेपुढे हवेत. महिन्याचं नावही अक्षरांत लिहावं, कारण तिकडे महिना आधी आणि दिवस नंतर येतो. व्हॉट्सअ‍ॅपचे नुसते स्क्रीनशॉट न काढता पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून ठेवावं.

वर्तणुकीसाठी मागच्या तीन वर्षांचा हिशेब बघतात. त्या काळात सहा महिने वा जास्त राहिलेल्या प्रत्येक ठिकाणचा पोलिसांचा दाखला हवा, त्यात बेळगावही येऊ शकतं. सुनेकडून इथे छळाचं कलम ४९८अ किंवा १ जुलै २०२४ नंतरचं नव्या संहितेतलं कलम ८५ लागलेलं असेल तर लपवू नये. एफआयआर आणि कोर्टाच्या आजच्या स्थितीचा कागद भाषांतरासह द्यावा.

सगळ्यात मोठं नुकसान घरच्यांची घाई करते. ‘आधी सोडचिठ्ठी घेऊ, मग बघू’ म्हणून निकाल लावून घेतात, आणि घटस्फोटानंतर आय-३६० साठी दोनच वर्षं मिळतात, तीही घटस्फोटाचा छळाशी संबंध दाखवता आला तरच. त्याहून वाईट म्हणजे दुसरं स्थळ. अर्ज मंजूर होण्याआधी पुन्हा लग्न लावलं की अर्ज गेलाच. आणि मंजुरीची वाट वर्षांच्या हिशेबात बघावी लागते, म्हणून आई-वडिलांना हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं. बायको नागरिक असेल तर पुढे ग्रीन कार्डाला रांग नाही, तीच ग्रीन कार्डधारक असेल तर मंजुरीनंतरही व्हिसा क्रमांकाची, म्हणजे ठरलेल्या कोट्यातल्या जागेची, वाट बघावी लागते.

गुण द्यायचे तर संरक्षणाला पाचपैकी पाच, खर्चाला पाच, वेगाला एक. कायदेशीर सल्ला मात्र तिथल्या वकिलाचा किंवा मान्यताप्राप्त प्रतिनिधीचाच घ्यावा. इथल्या व्हिसा एजंटाकडून भाषांतरापलीकडे काही घेऊ नये. तिथली घरगुती छळाची राष्ट्रीय हेल्पलाईन १-८००-७९९-७२३३ चोवीस तास चालते, पुरुषांचेही फोन घेते, दुभाषाही मागता येतो. मुलाने तो नंबर बायकोबरोबरच्या एकत्र फोन प्लॅनवरून लावू नये, बिलात कॉलची नोंद तिला दिसू शकते. मित्राच्या किंवा ऑफिसच्या फोनवरून लावावा.