‘व्हील ऑफ टाइम’चे चौदा भाग वाचून झाल्यावर: लांब मालिका निवडताना मी आता काय बघते

रॉबर्ट जॉर्डनच्या या इंग्रजी कल्पनारम्य मालिकेचा छापील संच मी घेतला, तर चौथ्या भागात, म्हणजे ‘द शॅडो रायझिंग’मध्ये, एक फर्मा (एकत्र छापून दुमडलेल्या पानांचा गठ्ठा) दोनदा बांधलेला निघाला आणि त्या जागी जो हवा होता तो नव्हताच. पानं गेली तीही नेमकी रुइडीन या प्राचीन शहरातली. कथानायक रँड काचेच्या खांबांमधून चालत जातो आणि प्रत्येक पावलागणिक आपल्या पूर्वजांची एकेक पिढी मागे जाताना बघतो, ती प्रकरणं. मालिका वाचलेल्यांना माझा संताप वेगळा सांगायला नको. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर परतीची मुदत केव्हाच संपली असं उत्तर आलं. चौदा जाडजूड पुस्तकांच्या संचाला दहा दिवसांची मुदत! चौथ्या भागातला दोष चौथा भाग हातात घेतल्यावरच कळणार ना? बरीच लिहालिही केल्यावर पुढच्या खरेदीवर थोडी सूट देऊ केली. मला सूट नको होती, पानं हवी होती. संच घेणाऱ्यांना एवढंच सांगते: खोकं उघडलं की त्याच संध्याकाळी प्रत्येक भागाचे पृष्ठांक शेवटपर्यंत बघून घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण कराच.

शेवटी त्या एका भागाचं ई-बुक वेगळे पैसे मोजून घेतलं. एकाच पुस्तकाला दोनदा पैसे देणं मला अजून सलतं. पण त्याच खरेदीमुळे या मालिकेबद्दलचं माझं मत पुढे बदललं, ते खाली येईलच.

मूळ माहिती बहुतेकांना आहे. पहिला भाग १९९० चा, चौदावा २०१३ चा, शिवाय ‘न्यू स्प्रिंग’ हा पूर्वकथेचा भाग वेगळा. रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये गेले आणि शेवटचे तीन भाग ब्रँडन सँडरसनने त्यांच्या टिपणांवरून लिहिले. काळाचं चाक, फिरून येणारी युगं, पुनर्जन्म हे सगळं आपल्या वाचकाला कुणी समजावून सांगावं लागत नाही, पहिल्या पानापासून ओळखीचं वाटतं.

माझा मुद्दा वेगळा आहे. लांब मालिका कोणती घ्यावी असं विचारलं की लोक जादूचे नियम, नकाशे, लढाया, मालिका पूर्ण आहे की नाही, हे सांगतात. वाचन मध्ये तुटलं तर ती मालिका तुम्हाला परत आत घेते का, हे कुणीच सांगत नाही. नोकरी करणाऱ्या माणसाचं वाचन तुटतंच. मार्चअखेर येते, घरात कुणी आजारी पडतं, पाहुणे येतात. पंधरा दिवसांनी पुस्तक उघडलं आणि समोरची बाई कोण हेच आठवेना, तर तो भाग तिथेच राहतो आणि पुढचे आठ भाग कपाटात धूळ खातात. माझ्या माहितीत ही मालिका अर्ध्यावर सोडलेले बरेच जण आहेत. त्यांतल्या बहुतेकांना ती आवडत होती, त्यांना फक्त धागा परत सापडला नाही.

इथे जॉर्डन वाचकाला फार कमी मदत करतात. मागच्या भागाचं कथासार कुठेच नाही. शेवटी शब्दसूची आहे, उच्चारही दिलेले आहेत, पण ती निवडक आहे. मुख्य पात्रांच्या नोंदी भागामागून भाग येत राहतात, आणि दोनशे पानांपूर्वी एकदा दिसलेली एखादी ‘आएस सेडाय’ (जादू वापरणाऱ्या स्त्रियांच्या पंथातली) शोधायला जावं तर ती बहुधा नसतेच. त्यात नावं बघा: एग्वेन, इलेन, इलायडा, मोइरेन, मॉर्गेस, मॉगेडियन. सहाव्या भागापासून प्रस्तावनेचं प्रकरणच इतकं लांबतं आणि इतक्या दुय्यम पात्रांमधून फिरतं की मध्ये खंड पडल्यावर परतणारा वाचक दारातच अडतो.

याला एकच सुंदर अपवाद आहे, आणि त्यावर कुणी का लिहीत नाही हे मला कळत नाही: प्रकरणाच्या डोक्यावरची छोटी चित्रं. फासे दिसले की मॅट, लांडग्याचं तोंड दिसलं की पेरिन, ज्योत दिसली की पांढऱ्या मनोऱ्याचं, म्हणजे आएस सेडायांच्या मुख्यालयाचं, राजकारण, किड्यासारखं शिरस्त्राण दिसलं की समुद्रापलीकडून आलेले आक्रमक शॉनचान आले. पहिले दोन भाग मी त्यांना नुसती सजावट समजत होते. तिसऱ्यात एकदा बराच खंड पडला. परत पुस्तक उघडलं, वर फासे दिसले, आणि नाव वाचण्याआधीच मॅटचा स्वभाव, त्याचं नशीब, त्याचं कुरकुरणं सगळं डोक्यात परत आलं. नखाएवढ्या चित्राने जे केलं ते सहा पानांच्या कथासाराने केलं नसतं. काही चित्रं तर प्रकरणात कोण येणार यापेक्षा कोणतं संकट येणार ते सुचवतात, त्यामुळे पान उलटतानाच धडधड सुरू होते. प्रत्येक लांब मालिकेच्या प्रकाशकाने हे करावं असं मला मनापासून वाटतं. माझ्या जुन्या ई-बुक रीडरवर मात्र ती इतकी बारीक दिसत होती की फासे कुठले आणि ज्योत कुठली ते कळेना, म्हणून ई-बुकवर मी आधी नाराजच होते.

ती नाराजी गेली शोधाच्या सोयीमुळे. अडलेल्या नावावर बोट ठेवलं की ते पात्र त्या भागात आधी कुठे कुठे आलं ते समोर येतं. शब्दसूचीने न केलेलं काम यंत्राने केलं. सातव्या भागापासून मी छापील पुस्तकं ठेवून दिली आणि सवलत येईल तसे एकेक ई-बुक घेतले. खर्च दुप्पट झाला हे खरं. आज सुरुवात करत असाल तर थेट ई-बुकच घ्या. छापील हवंच असेल तर पहिला भाग घ्या, त्यातली चित्रं बघा, आणि मग ठरवा.

सात ते दहा हे भाग रेंगाळतात असं सगळे म्हणतात. सातवा आणि आठवा वाचताना मला तो आरोप अन्यायाचा वाटला. पूर्वीच्या वाचकांना पुढच्या भागासाठी दोन-दोन वर्षं थांबावं लागत होतं, आपल्यापुढे तो तयार आहे. दहाव्यापाशी मात्र मीही शरण गेले. नवव्याच्या शेवटी जी प्रचंड घटना घडते, तिचा प्रकाश वेगवेगळी पात्रं दुरून बघत राहतात आणि शेकडो पानांत गोष्ट जेमतेम सरकते. तो भाग मी भराभर उरकला, काही अडलं नाही. अकरावा, २००५ चा, जॉर्डननी स्वतः पूर्ण केलेला शेवटचा भाग, पुन्हा पहिल्यासारखा धावतो. सँडरसनचा मॅट सुरुवातीला वेगळाच माणूस वाटतो, विनोद जरा ओढूनताणून आणलेले. पण तुटायला आलेले सगळे धागे त्याने ज्या निष्ठेने बांधले त्याबद्दल मला त्याचा फार आदर वाटतो.

त्यानंतर मुद्दाम विज्ञानकथेकडे वळले आणि ‘द एक्सपान्स’ घेतली. जेम्स एस. ए. कोरी हे डॅनियल अब्राहम आणि टाय फ्रँक या दोघांचं मिळून एक नाव. २०११ ते २०२१ या काळात नऊ कादंबऱ्या. माझ्या कसोटीला ही मालिका पूर्ण उतरते. प्रत्येक प्रकरणाचं शीर्षक म्हणजे ते ज्याच्या नजरेतून सांगितलं आहे त्याचं नाव. प्रत्येक भागाला स्वतःचा शेवट आहे. सहाव्या आणि सातव्या भागांच्या मध्ये तर कथेतली जवळपास तीस वर्षं उलटतात, त्यामुळे तिथे महिनाभर थांबलात तरी चालतं. शनीच्या कड्यांमधला बर्फ वाहून आणणारी जहाजं, लघुग्रहांवर राहणाऱ्यांचं पाणी आणि हवा कुणाच्या हातात आहे यावर ठरणारं राजकारण, हे मी लातूरची असल्यामुळे वेगळ्याच पद्धतीने वाचलं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आमच्या गावात आली तेव्हा स्टेशनवर किती गर्दी झाली होती, आणि वाटपावरून काय बोललं जात होतं, ते मी ऐकलेलं आहे. त्या लघुग्रहांवरच्या लोकांचा राग या लेखकांना नेमका कळला आहे.

आता पुढे काय, हा प्रश्न. स्टीव्हन एरिक्सनची ‘मलाझान’ दहा भागांत पूर्ण आहे, आणि प्रत्येक भागाच्या सुरुवातीला पात्रांची यादीही दिलेली आहे. पण पाचवा भाग जवळपास नवीच माणसं घेऊन नव्याच खंडावर उघडतो, आणि समजावून सांगणं या लेखकाच्या स्वभावात नाही. सलग सुट्टी असणाऱ्याने ती जरूर घ्यावी, मला सध्या ती परवडणार नाही. ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’चा पाचवा भाग २०११ चा, सहावा अजून यायचाय. अर्धवट मालिकेत मी पैसे घालणार नाही, मग लेखन कितीही उत्तम असो.

म्हणून रॉबिन हॉबच्या एल्डरलिंग्ज मालिकेवर आले आहे. सोळा कादंबऱ्या, १९९५ ते २०१७, पण तीन-तीन पुस्तकांच्या गटांत, एकच गट चारांचा. प्रत्येक गटाशी थांबता येतं. पहिल्या तीन पुस्तकांत नायक फिट्झ स्वतःची गोष्ट स्वतःच सांगतो, म्हणजे कितीही दिवसांनी परतलं तरी आवाज ओळखीचाच. दुसऱ्या गटात माणसंही बदलतात आणि प्रदेशही, तिथे ही सोय टिकते का ते बघायचं आहे. सध्या पहिली तीनच घेतली आहेत, तीही ई-बुकमध्ये.